टीई कॉम्प्युटर : सिलॅबस एकीकडे, स्किल दुसरीकडे, मेळ कसा घालायचा?

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. मी नाशिकला पुणे विद्यापीठाच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, २०१९ पॅटर्न (अभ्यासक्रम), आत्ताच टीई, म्हणजे तिसरं वर्ष, सुरू झालंय. गाव निफाड तालुक्यात, घरी कांदा आणि थोडी द्राक्षं. दहावीपर्यंत मराठी माध्यम.

या सेमला डीबीएमएस (डेटाबेस), टीओसी (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन), एसपीओएस (सिस्टिम्स प्रोग्रामिंग आणि ऑपरेटिंग सिस्टिम), सीएनएस (नेटवर्क आणि सिक्युरिटी) आणि एक इलेक्टिव्ह आहे. एसईला (दुसऱ्या वर्षी) मार्क बरे पडले, केटी नाही. पण मला जे खुपतंय ते असं की पेपरात पेज रिप्लेसमेंटचं (मेमरी भरली की कुठलं पान बाहेर काढायचं याचं) गणित आलं की मी डोळे झाकून सोडवतो, तीन फ्रेम (मेमरीतल्या जागा), चार फ्रेम, फॉल्ट (हवं ते पान मेमरीत नसणं) मोजायचे, झालं. पण माझ्या समोरच्या लॅपटॉपमध्ये हे नक्की कुठे चालू आहे, ते दिसतं का, ते मला कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. लिंक्ड लिस्ट लिहिता येते, पण ती कुठे वापरायची आणि कुठे वापरायची नाही हे कळत नाही. बीई पूर्ण होईल, डिग्री हातात येईल, आणि मला काही बनवता येत नसेल तर काय उपयोग, हा विचार रात्री झोपू देत नाही.

आजूबाजूला प्रत्येकाचं वेगळं चाललंय. रूमवर एकाने वेब डेव्हलपमेंटचा कोर्स घेतलाय, एक जण दिवसभर लीटकोडवर कोडिंगचे प्रश्न सोडवतो, एक म्हणतो मशीन लर्निंगशिवाय आता काही खरं नाही. कॉलेज, प्रॅक्टिकल, सबमिशन, जर्नल यातून संध्याकाळचे दोन तास हाताशी राहतात, रविवार थोडा जास्त. लॅपटॉप ८ जीबीचा आहे, उबंटू टाकलंय.

तर या दोन तासांत काय करू? सिलॅबस फक्त पास होण्यापुरता करून बाकी सगळं बाहेरचं शिकू, का दुसरं काही?

पाइपवाला

धागा काढलास ते बरं केलंस. मी पुण्यात बॅकएंडचं काम करतो, बरीच वर्षं झाली, नवीन मुलांचे इंटरव्ह्यूही घेतो. माझं मत पहिल्याच वाक्यात सांगतो, तुझा सिलॅबस वाईट नाहीये, तो कागदावर राहतोय एवढंच. या सेमचे चार मुख्य विषय म्हणजे आम्ही ऑफिसात रोज ज्याच्यावर उभे असतो ते सगळं. ते सोडून तू बाहेरचा कोर्स घेशील तर तिथे तुला फ्रेमवर्क कुठलं बटण दाबल्यावर काय करतं ते शिकवतील, आणि ते फ्रेमवर्क तू नोकरीला लागेपर्यंत बदललेलं असेल.

आता तू पेज रिप्लेसमेंट म्हणालास म्हणून तेच घेऊ. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ ही रेफरन्स स्ट्रिंग, म्हणजे पानं मागण्याचा क्रम, तुझ्या वहीत असणारच. फिफोने (जे पान आधी आलं ते आधी बाहेर) तीन फ्रेमला ९ फॉल्ट, चार फ्रेमला १०, म्हणजे मेमरी वाढवली आणि काम बिघडलं, बेलाडीची विसंगती. पेपरात एवढं लिहून मार्क मिळतात. तू आता असं कर, याचा सिम्युलेटर लिही, जास्तीत जास्त शे दीडशे ओळी होतील, आणि मग हाताने स्ट्रिंग द्यायच्या ऐवजी रँडम स्ट्रिंगा हजारोंनी बनव आणि प्रोग्रामलाच शोधायला लाव की कुठल्या स्ट्रिंगला फ्रेम वाढवल्यावर फॉल्ट वाढतात. नंतर फिफो काढून एलआरयू (सगळ्यात जास्त वेळ न वापरलेलं पान बाहेर) लाव. एलआरयूला एकही सापडणार नाही, कितीही चालव. का सापडत नाही? कारण एलआरयूमध्ये तीन फ्रेममध्ये जी पानं असतात ती चार फ्रेमवाल्यातही कायम असतातच. हे तू स्वतः शोधून काढलंस ना, की तो विषय आयुष्यभर तुझा.

आणि लॅपटॉपमध्ये दिसतं का म्हणालास, तर दिसतं की. उबंटूवर व्हीएमस्टॅट (मेमरीचे आकडे दाखवणारी कमांड) चालव, टाइम कमांडचा सविस्तर आउटपुट बघ, त्यात मेजर आणि मायनर पेज फॉल्ट छापून येतात. ब्राउझरचे ढीगभर टॅब उघड आणि परत बघ.

मीरा बीई

पाइपवाले दादांचं पटतंय पण मी थोडं वेगळं बोलणार, कारण मी आत्ता त्यातून जातेय. बीईला आहे, ऑफर आली आहे. टीई संपलं की लगेच कंपन्या यायला लागतात आणि पहिल्या फेरीत कोणी तुझा सिम्युलेटर बघत नाही. आधी दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे ६०% आहेत का, लाइव्ह बॅकलॉग आहे का, हे बघून गाळणी लागते. मग ॲप्टिट्यूड, मग एक दोन कोडिंगचे प्रश्न घड्याळ लावून. त्यातून पुढे गेलास तर माणूस समोर बसतो आणि तेव्हा तुझं हे सगळं कामाला येतं.

म्हणून डीएसए (डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम) सोडू नकोस, रोज एक प्रश्न, जास्त नाही. पण पाठ करू नकोस. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणांनी उत्तरं बघून बघून शेकडो प्रश्न संपवले आणि प्रश्न जरासा वळवून विचारला की गाडी अडली. एक प्रश्न, अर्धा पाऊण तास स्वतः, नाही जमलं तर उत्तर बघायचं, आणि आठवड्याने तोच प्रश्न परत कोऱ्या पानावर. मी ॲरे, स्ट्रिंग, हॅशिंग, स्टॅक, ट्री, ग्राफचं बीएफएस डीएफएस आणि थोडं डायनॅमिक प्रोग्रामिंग एवढंच केलं, त्यावर निभावलं.

आणि इन सेम ३० मार्कांची असते म्हणून हलकी घेऊ नकोस, तिथे चांगले पडले की एंड सेमच्या ७० चं ओझं कमी होतं आणि मग तुला बाकीचं करायला डोकं मोकळं राहतं.

पाइपवाला

मीराताईंचं बरोबर आहे, गाळणीतून खाली पडलास तर पुढचं सगळं कुणाला दाखवणार. रोज एक प्रश्न याला माझा पाठिंबा.

शिकवणारी

मी एका कॉलेजात हेच विषय शिकवते म्हणून लिहावंसं वाटलं. मुलांना वाटतं जर्नल आणि सबमिशन म्हणजे वेळ वाया, आणि खरं सांगायचं तर ज्या पद्धतीने ते होतं, एकाच्या फाइलवरून साठ जणांनी उतरवायचं आणि सह्या घ्यायच्या, त्यात वेळ वायाच जातो. पण त्या असाइनमेंटची यादी एकदा शांतपणे वाच. एसपीओएसच्या लॅबला टू पास असेंबलर (असेंब्ली कोड दोनदा वाचून मशीन कोड बनवणारा प्रोग्राम) आहे. दोन पास का लागतात? कारण प्रोग्राममध्ये वरच्या ओळीत ज्या लेबलवर उडी मारायची ते लेबल खाली कुठेतरी येतं, त्याचा पत्ता पहिल्यांदा वाचताना माहीतच नसतो. म्हणून पहिल्या पासमध्ये सिम्बॉल टेबल (कुठलं लेबल कुठल्या पत्त्यावर) भरायचं आणि दुसऱ्यात कोड बनवायचा. वर्गात मी विचारते, एकाच पासमध्ये करायचं म्हटलं तर काय कराल? बहुतेक जण गप्प बसतात. एखादी मुलगी म्हणते, मॅडम जागा रिकामी ठेवू आणि लेबल सापडलं की मागे जाऊन भरू. बरोबर, त्यालाच बॅकपॅचिंग म्हणतात, आणि तिने ते पुस्तकात न वाचता सांगितलेलं असतं. त्या दिवशी मला शिकवल्यासारखं वाटतं.

टीओसीबद्दल मुलांची सगळ्यात जास्त तक्रार असते की हे कुठे वापरायचं. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये रेग्युलर एक्सप्रेशनवरून (मजकुरात शोधायच्या नमुन्यावरून) एनएफए (एकाच वेळी अनेक अवस्थांत असू शकणारं यंत्र) बनवून मजकुरात शोध कसा घ्यायचा ते छापलं, ते आपण युनिट एक दोनमध्ये शिकवतो तेच आहे. आणि उलट बाजूने बघा, २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर या वेबसाइटना सुरक्षा देणाऱ्या कंपनीची सेवा जगभर कोसळली होती, कारण काय तर त्यांच्या एका नियमातलं एक रेग्युलर एक्सप्रेशन, ज्यात बॅकट्रॅकिंग (मागे जाऊन परत परत जुळवून बघणं) इतकं वाढलं की सगळे प्रोसेसर शंभर टक्के भरले. ज्याला एनएफए कळला आहे त्याला हे का झालं ते फळ्यावर पाच मिनिटांत समजावता येतं. गोदाकाठच्या, तू एक छोटा रेग्युलर एक्सप्रेशन मॅचर लिही, फक्त अक्षर, तारा (*), 'किंवा' (|) आणि कंस एवढंच घे. टीओसीचं एंड सेम त्यातच होऊन जाईल.

व्हायवाला एक्स्टर्नल आले की ज्याने स्वतः कोड लिहिलाय तो लगेच ओळखू येतो बाळा, एक ओळ बदलून दाखव म्हटलं की समजतं.

गोदाकाठचा

सगळ्यांचे खूप आभार. मॅडम, बॅकपॅचिंग हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आजच वाचतो. एक अडचण अजून सांगायची राहिली. इंग्लिश वाचता येतं पण हळू. डॉक्युमेंटेशन उघडलं की एक पान वाचायला अर्धा तास जातो आणि मध्येच धागा सुटतो. यूट्यूबला हिंदीत खूप आहे, ते पटकन कळतं, पण व्हिडिओ बंद केला की हात चालत नाही.

डिप्लोमावाला

भावा मी पण मराठी माध्यम, दहावीनंतर डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर. त्यामुळे तुझं दुखणं ओळखीचं आहे.

डिप्लोमाला आमच्याकडे टर्बो सी (सी भाषेचा जुना कंपायलर) होतं, ती निळी स्क्रीन, आणि प्रत्येक प्रोग्राममध्ये क्लिअर स्क्रीन आणि गेटसीएच हे असलंच पाहिजे असं डोक्यात बसलेलं. डिग्रीला आलो, लिनक्सवर जीसीसी (तिथला सी कंपायलर), आणि पहिल्याच दिवशी तेच प्रोग्राम चालेनात. त्यात एक फॅक्टोरियलचा होता. टर्बो सीमध्ये इंटिजर दोन बाइटचा, म्हणजे कमाल ३२७६७, त्यामुळे ८ च्या फॅक्टोरियललाच चुकीचं उत्तर, कारण ते ४०३२० येतं. जीसीसीवर इंटिजर चार बाइटचा, तिथे १२ पर्यंत बरोबर आणि १३ ला बिघडतं. आम्हाला डिप्लोमाला सांगितलेलं की मोठे आकडे देऊ नका, एवढंच. मी ते दोन्हीकडे चालवून वहीत शेजारी शेजारी मांडलं तेव्हा डेटा टाइप म्हणजे काय ते मला कळलं, त्याआधी तो नुसता तक्ता होता पाठ करायचा.

इंग्लिशचं सांगायचं तर दोन गोष्टी. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प आहे, त्यात लिनक्स, सी, पायथन, जावा सगळ्याचे छोटे छोटे व्हिडिओ मराठी आवाजात आहेत, फुकट. ते बनवलेतच असे की अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्यावर स्वतः करायचं, थांबवत थांबवत. हात चालत नाही म्हणतोस त्यावर हेच औषध. दुसरं, एरर मेसेज वाचायचा. सगळा वाचायचा, पहिल्या ओळीपासून. आपली पोरं लाल अक्षर दिसलं की घाबरून पूर्ण कोड परत टाइप करतात. एरर मेसेजचं इंग्लिश फार थोडं असतं, तेच तेच पन्नास साठ शब्द, ते एकदा ओळखीचे झाले की मॅन पेज (लिनक्समधलं कमांडची माहिती देणारं पान) वाचायला पण जड जात नाही. मी तर मॅन पेज वाचूनच इंग्लिश सुधारलं असं म्हणेन.

शिकवणारी

स्पोकन ट्यूटोरियलचं छान सुचवलंत. त्याच्या पुढची पायरी म्हणून एनपीटीईएल, आयआयटींचे ऑनलाइन कोर्स. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद सरांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमचा कोर्स ऐक, इंग्लिश अगदी सोपं आणि सावकाश आहे. शिकायला पैसे लागत नाहीत, सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची असेल तरच फी.

कोरीपाटी

एक विचारू का, मी एसईला आहे. आमच्या वर्गात आता सगळे असाइनमेंट चॅटजीपीटीला देतात, दोन मिनिटांत कोड येतो, चालतो पण. मग आपण हे सिम्युलेटर वगैरे हाताने का लिहायचं? उद्या ऑफिसात पण तेच वापरणार ना?

पाइपवाला

चांगला प्रश्न आहे आणि मी त्याला टाळणार नाही. हो, ऑफिसात आम्ही वापरतो, रोज. पण काय होतं ते सांगतो. तो कोड देतो, मला तो वाचून ठरवायचं असतं की हा ठेवायचा का नाही. ते ठरवायची ताकद कुठून येते? बायनरी सर्चचं (क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी निम्मा भाग टाकत शोधणं) उदाहरण घे. मधला इंडेक्स काढायला लो (सुरुवात) आणि हाय (शेवट) यांची बेरीज भागिले दोन, जगातल्या प्रत्येक पुस्तकात तसंच होतं. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत ते वर्षानुवर्षं तसंच होतं आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर लिहिलं की यात बग आहे, ॲरे खूप मोठा झाला की लो आणि हायची बेरीज २१४७४८३६४७ च्या (चार बाइटच्या इंटिजरची कमाल) पलीकडे जाते, ऋण होते, आणि प्रोग्राम कोसळतो. उपाय काय, लो अधिक, हाय वजा लोचा निम्मा. डिप्लोमावाल्या भाऊंनी फॅक्टोरियलमध्ये जे बघितलं तेच हे, फक्त मोठ्या जागी. आता ज्याने इंटिजर कुठे फुटतो ते स्वतः बघितलंय त्याची नजर त्या ओळीवर थांबेल, दुसऱ्याची थांबणार नाही, कोड माणसाने लिहिलेला असो का मशीनने.

म्हणून विद्यार्थी असेपर्यंत माझं सांगणं असं, आधी स्वतः लिही, चालव, मोड, आणि मग त्याला विचार की माझ्या कोडमध्ये कुठल्या इनपुटला हा पडेल ते सांग. त्याचं उत्तर खरं का खोटं ते चालवून बघ. असं वापरलंस तर तो चांगला शिक्षक आहे.

मीरा बीई

+१. इंटरव्ह्यूला मला माझ्याच प्रोजेक्टमधली एक ओळ दाखवून विचारलं होतं, ही काढली तर काय होईल. ज्यांनी प्रोजेक्ट विकत घेतलेला होता ते तिथेच बाहेर.

गोदाकाठचा

मग आता एक प्रोजेक्ट सुचवा ना, ज्यात या सेमचे विषय येतील. लायब्ररी मॅनेजमेंट आणि हॉस्पिटल मॅनेजमेंट सगळे करतात, मला ते नकोय.

पाइपवाला

तुझ्या घरी कांदा आहे आणि तू प्रोजेक्ट मला विचारतोस?

हे बघ, सरकारच्या ओपन डेटा पोर्टलवर ॲगमार्कनेटचे (बाजार समित्यांच्या भावांची सरकारी नोंद) रोजचे बाजारभाव एपीआयने (प्रोग्रामने थेट मागता येतील असे) मिळतात. नोंदणी केलीस की एपीआय की मिळते. राज्य, जिल्हा, बाजार, माल, व्हरायटी, ग्रेड, तारीख, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, क्विंटलला. तिथे त्या दिवसाचा डेटा असतो, म्हणजे इतिहास हवा असेल तर रोज उतरवून आपल्याकडे साठवायला लागणार, आणि तिथूनच खरं काम सुरू होतं.

एपीआयला कर्लने (वेबला विनंती पाठवणारी कमांड) सविस्तर मोडमध्ये हाक मार आणि येणारी प्रत्येक ओळ वाच. नाव सोडवणं, कनेक्शन, टीएलएसची (एन्क्रिप्शनची) बोलणी, मग एचटीटीपी. सोबत वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं टूल) लावून कनेक्शन जोडतानाचे सिन, सिन ॲक, ॲक डोळ्यांनी बघ, सीएनएसचं युनिट तिथे उभं आहे. मग पायथनची स्क्रिप्ट, लिमिट आणि ऑफसेट देऊन सगळी पानं ओढायची. डेटाबेस पोस्टग्रेस घे, कॉलेजात मायएसक्यूएल असलं तरी चालेल, एसक्यूएल तेच. ही स्क्रिप्ट क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालवणारी सोय) रोज चालली पाहिजे, आणि तुझा लॅपटॉप त्या वेळी बंद असला तर उघडल्यावर चालली पाहिजे, आणि दोनदा चालली तरी एकच नोंद दोनदा बसता कामा नये. ही तिसरी अट नीट वाच, यात डीबीएमएसचं अर्धं युनिट आहे. प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारे कॉलम) काय ठेवशील ते मी सांगत नाही, तू सांग.

आणि पहिल्या दिवसापासून गिट, कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी ते बनवलं, आज सगळं जग त्यावर आहे, आणि आपल्या पोरांच्या फोल्डरमध्ये अजून फायनल, फायनल दोन, फायनल खरंच असं असतं. छोटे छोटे कमिट कर आणि मेसेजमध्ये काय केलं हे न लिहिता का केलं ते लिही.

वेबपेज सगळ्यात शेवटी. त्याच्याकडे आधी वळू नकोस, तिथे महिना जातो आणि हातात फक्त रंग उरतात.

डिप्लोमावाला

प्रायमरी कीच्या चक्रात नॉर्मलायझेशन (तीच माहिती दोनदा न साठवता टेबलं वेगळी करणं) पण येईल बघ. बाजार वेगळं टेबल, माल वेगळं टेबल.

गोदाकाठचा

(इन सेम झाल्यावर परत आलोय, मध्ये लिहायला जमलं नाही)

मंडळी, काम चालू आहे आणि खूप काही सांगायचंय. स्क्रिप्ट रोज चालतेय. प्रायमरी की म्हणून मी बाजार, माल, व्हरायटी, ग्रेड आणि तारीख असे पाच कॉलम मिळून धरले, आणि नोंद आधीच असेल तर ऑन कॉन्फ्लिक्टने अपडेट. तारीख दिवस, महिना, वर्ष अशी मजकूर म्हणून येते, ती तशीच ठेवली असती तर क्रम लावताना १ डिसेंबर हा २ जानेवारीच्या आधी आला असता एकाच वर्षात, म्हणून घेतानाच डेट टाइपमध्ये बदलतो.

सगळ्यात मोठी गंमत लासलगावची. मी लासलगाव शोधून बाजारवार ग्रुप बाय टाकलं तर लासलगाव, लासलगाव निफाड आणि लासलगाव विंचूर असे तीन वेगळे बाजार आले. वर्गातला मित्र म्हणाला स्पेलिंगचा घोळ आहे, एकत्र करून टाक. पण मला माहितीये ना, विंचूर आणि निफाड हे उपबाजार आहेत, आमचा ट्रॅक्टर कधी विंचूरला जातो कधी लासलगावला, आणि एकाच दिवशी दोन्हीकडे भावात फरक असतो. ते एकत्र केलं असतं तर वडिलांना जे बघायचंय तेच पुसलं गेलं असतं. मुख्य बाजार आणि उपबाजार असं नातं टेबलात ठेवलं, बाजारच्या रांगेत मुख्य बाजाराचा आयडी. सेल्फ जॉइन (टेबल स्वतःलाच जोडणं) वर्गात शिकलो होतो तेव्हा कर्मचारी आणि मॅनेजरचं उदाहरण होतं, ते कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

जिल्ह्याची सरासरी काढायला गेलो तर तिथे थांबलो. या टेबलात आवक किती क्विंटल ते नाही, मग ज्या बाजारात दहा गाड्या आल्या आणि जिथे पाचशे आल्या ते सारखेच धरले जातील. म्हणून सरासरी दाखवतच नाही, प्रत्येक बाजार वेगळा दाखवतो.

आईवडिलांना मराठीत दिसावं म्हणून बाजारांची मराठी नावं मी आणि बहिणीने मिळून टाइप केली. आता दोन प्रश्न. एक, कऱ्हाड शोधलं तर कधी सापडतं कधी नाही, डोळ्यांना दोन्ही नावं सेम टू सेम दिसतात. आणि नावं क्रमाने लावली की कळवण हे कवठे महांकाळच्या आधी येतंय, बहीण म्हणते शब्दकोशात ळ शेवटी असतो. दोन, टेबल वाढतंय तसं एका बाजाराचा तीन महिन्यांचा आलेख यायला वेळ लागतोय. तारखेवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) टाकलाय, फार फरक नाही पडला.

म्युनिककर

हा धागा सुरुवातीपासून वाचतोय, मूळचा साताऱ्याचा म्हणून कऱ्हाड दिसल्यावर राहवलं नाही. इथे सर्च इंजिनवरच काम करतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, ती दोन नावं दिसायला एक असली तरी आत वेगळी आहेत. एकाने नुक्तेवाला ऱ, हलंत, ह असं टाइप केलंय, म्हणजे पूर्ण नावाचे सहा कोड पॉइंट (युनिकोडचे आकडे). दुसऱ्याने साधा र, हलंत, मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, मग ह, म्हणजे सात. युटीएफ ८ मध्ये (ते आकडे साठवायची पद्धत) यातला प्रत्येक कोड पॉइंट तीन बाइटचा, म्हणजे एक नाव १८ बाइट आणि दुसरं २१. कीबोर्ड वेगळे असले की हे होतंच, तू आणि बहिणीने वेगळ्या मोबाइलवरून टाइप केलं असणार. पायथनमध्ये दोन्हींची लांबी छापून बघ, लगेच दिसेल. आणि हे लक्षात ठेव की युनिकोडचं नॉर्मलायझेशन (सारख्या अक्षरांचं एकच रूप करणं) चालवून हे सुटत नाही, कारण युनिकोडच्या लेखी या दोन गोष्टी समान नाहीतच. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे तुलाच र, हलंत, जॉइनर हे ऱ, हलंत असं बदलून घ्यावं लागेल.

क्रमाचं कारण म्हणजे युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल नंतर लगेच आणि व च्या आधी बसवलाय. डेटाबेसने नुसते कोडचे आकडे तुलना केले की कळवण आधी येणार. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन, म्हणजे क्रम लावायचे नियम, घेता येतं, ते लाव, ळ ह नंतर जाईल. बहिणीला सांग ती बरोबर आहे.

आपल्याकडे स्ट्रिंग उलटी करा हा प्रोग्राम सगळे करतात ना, तो एकदा स्वतःच्या मराठी नावावर चालवून बघा सगळ्यांनी. काना मात्रा भलत्या अक्षराला जाऊन चिकटतात, आणि स्ट्रिंग म्हणजे अक्षरांचा ॲरे ही समजूत किती अपुरी आहे ते कळतं.

शिकवणारी

हे मी पुढच्या आठवड्यात वर्गात करून घेणार आहे. गोदाकाठच्या, उपबाजाराचं नातं तुझ्या लक्षात आलं ते वाचून फार बरं वाटलं, डेटा मॉडेलिंग म्हणजे हेच, बाजारात गेलेल्या माणसालाच ते दिसतं.

पाइपवाला

इंडेक्सचं मी घेतो. तुझी क्वेरी अशी आहे, बाजार अमुक, माल कांदा, तारीख या दिवसापासून त्या दिवसापर्यंत. फक्त तारखेवर इंडेक्स असेल तर डेटाबेस त्या तीन महिन्यांतल्या देशभरातल्या सगळ्या बाजारांच्या सगळ्या मालाच्या नोंदी उचलणार आणि मग त्यातून तुझ्या निवडणार. म्हणजे काम फार कमी झालंच नाही, कधी कधी तर तो इंडेक्स बाजूला ठेवून सरळ पूर्ण टेबल वाचणं त्याला स्वस्त वाटतं. एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी कशी चालली ते दाखवणारं) लावून क्वेरी चालव आणि सीक्वेन्शियल स्कॅन (पूर्ण टेबल वाचणं) दिसतोय का बघ, नाहीतर किती रांगा फिल्टरने टाकून दिल्या तो आकडा बघ.

बाजार, माल, तारीख या क्रमाने एकच संयुक्त इंडेक्स कर. जिथे बरोबरची अट आहे ते कॉलम आधी, जिथे पासून पर्यंत आहे तो शेवटी. इंडेक्सच्या बी ट्रीमध्ये मग लासलगाव, त्यात कांदा, त्यात तारखा ओळीने एकत्र पडलेल्या असतात, एका जागी उतरायचं आणि सलग वाचत जायचं. तारीख आधी ठेवलीस तर तेच सगळं विखुरलं जातं. आणि एक, तुझ्या प्रायमरी कीचा पण इंडेक्स आपोआप बनलेला असतो, त्यात बाजार आणि माल पुढे आहेत पण तारीख सगळ्यात मागे, मध्ये व्हरायटी आणि ग्रेड. त्या कीमधला क्रमच बदलून तारीख तिसरी ठेवलीस तर कदाचित वेगळा इंडेक्स लागणारच नाही. दोन्ही करून बघ, दोन्हीचे आउटपुट इथे टाक.

मीरा बीई

आणि ते आउटपुट रेपोच्या रीडमीमध्ये पण टाक, आधी किती वेळ, नंतर किती वेळ, कारण काय. रेझ्युमेत नुसतं पोस्टग्रेस येतं असं लिहू नकोस, हे लिही.

गोदाकाठचा

तारीख तिसरी ठेवून की परत बनवली. आधी फिल्टरने टाकून दिलेल्या रांगा हजारोंनी दिसत होत्या, आता ती ओळच येत नाही, इंडेक्स स्कॅन आला आणि आलेख बोट उचलायच्या आत उघडतो. वेगळा इंडेक्स काढून टाकला. ऱ चं बदलून घेतलं, कऱ्हाड दोन्हीकडून सापडतं, ळ ह नंतर गेला. आउटपुट आज रात्री टाकतो, उद्या सकाळी एसपीओएसचं प्रॅक्टिकल आहे आणि असेंबलर मी एका पासमध्ये बॅकपॅचिंगने लिहिलाय, दोन पासवाला पण आहेच. मॅडम, एक्स्टर्नलना दोन्ही दाखवले तर चालेल ना?

शिकवणारी

आधी दोन पासवाला दाखव, तो मार्कांचा आहे. मग विचार, सर अजून एक दाखवू का. नाही म्हणणार नाहीत.